लांबचा माइक

त्या टेकमधला टोन चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल, आणि लपवालपवी माझी पुरेशी करून झाली आहे.

कॉलेजात आमचा चौघांचा मेटल बँड होता. मी गिटारवर. मग नोकऱ्या, लग्नं, आणि मग आमची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला गुंडी म्हणायला लागलो, ते नाव चिकटलंच. गुंडी सव्वा वर्षाची झाली तेव्हा आमच्या ड्रमरचा फोन आला. त्याला सगळे ढोल्या म्हणतात. त्याच्या आईलासुद्धा आता खरं नाव आठवून सांगावं लागत असेल.

"मातोश्री," तो म्हणाला, "चार गाणी तयार आहेत. ड्रम वाजवून झालेत. गिटार तू घरूनच वाजवून पाठव."

"घरून? मेटल? वरच्या मजल्यावरचे भांडायला येतील."

"कपाटात वाजव मग."

तो चेष्टा करत नव्हता. आमच्या मागच्या खोलीत भिंतीतलं खोल कपाट आहे. त्यात रजया, स्वेटर, गुंडीच्या लहान झालेल्या कपड्यांचं गाठोडं. मी मधला कप्पा रिकामा केला, गिटारचा आवाज मोठा करणारा छोटा ॲम्प आत ठेवला, भोवती रजया कोंबल्या, स्पीकरच्या जाळीसमोर बोटभर अंतरावर माइक लावला आणि दार लोटून घेतलं. पहिला तुकडा वाजवून पाठवला. ढोल्याचं उत्तर आलं: "बरणीत गांधीलमाश्या भरून हलवतेयस का?"

मला वाटायचं, जड आवाज हवा तर सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची. उलटंच निघालं. गेन, म्हणजे आवाज किती फाडायचा ते बटण, निम्म्यावर आणावं लागलं. माइक जाळीच्या मधोमध धरला तर दाढेत ड्रिल गेल्यासारखं वाजतं. कडेला नेला तर तोंडात बोळा घालून कोणी बोलतंय असं. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी दीड बोटाची जागा असते. ती सापडायला मला नऊ दुपारी लागल्या. सापडली तेव्हा जाळीवर खडूने ठिपका काढून ठेवला. जाडी येते ती तोच तुकडा दोनदा वाजवून, एक डाव्या कानाला, एक उजव्या, आणि दोन्ही केसभरही मागेपुढे नकोत. शिवाय नॉइज गेट. ठोका संपला की ते आवाज कापून टाकतं, मधली फुसफुस, गुरगुर काही उरू देत नाही. ठोका, शांतता, ठोका, शांतता. मेटलची धार त्या शांततेत असते.

नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. संध्याकाळी त्याला दोन टोन ऐकवून मी विचारायचे, "हा बरा, की हा?"

"हे माझं वाक्य आहे," तो म्हणायचा. "आणि माझी गिऱ्हाइकं म्हणतात तेच मी म्हणणार. दोन्ही सारखेच."

माझ्या वाट्याला दुपारचा सव्वा तास यायचा, गुंडी झोपते तेवढा. ती पुढच्या खोलीत पलंगावर, भोवती उशांचा बांध, आणि शेजारी खुर्चीत सासूबाई. त्या सहा महिन्यांपासून आमच्याकडे होत्या. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. शहरातले चारशे नंबर तोंडपाठ होते, हे त्या सांगायच्या, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यातले बरेचसे म्हणूनही दाखवायच्या. माझे मोठे, दोन्ही कान गच्च झाकणारे हेडफोन पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसल्या होत्या.

"आमच्याला एकच कान असायचा," त्या म्हणाल्या. "दुसरा सुपरवायझरबाईंच्या शिव्या ऐकायला मोकळा."

घरात एक नियम ठरला होता. मी हेडफोन घातले असले आणि काही सांगायचं असलं, तर येऊन माझ्या खांद्याला हात लावायचा. हाक मारायची नाही, कारण मला ती ऐकूच येणार नाही. नियम मीच केला होता. मोडलाही मीच. एकदा सासूबाईंनी चहा विचारायला खांद्याला हात लावला, त्या वेळी माझा तीन मिनिटांचा टेक, म्हणजे एका दमात करायचं रेकॉर्डिंग, नेमका शेवटच्या ओळीवर होता. मी म्हणाले, "आई, काय हे, गेला ना सगळा." इतकंच म्हणाले. पण ज्या स्वरात म्हणाले तो मला ठाऊक आहे. त्यांनी हात झटकन मागे घेतला होता.

त्या मंगळवारी ढोल्याच्या सांगण्यावरून मी दुसरा माइक लावला. एक कपाटात स्पीकरजवळ, आणि दुसरा लांब, खोलीच्या दाराशी स्टँडवर. "जवळचा माइक म्हणजे नुसता आवाज," त्याचं म्हणणं होतं. "लांबचा खोली ऐकतो. थोडी हवा येते टोनमध्ये." मी लांबचा रेकॉर्डला लावला, पण माझ्या कानात बंद ठेवला, कारण त्याच्यामुळे ठेका सांभाळायला त्रास होतो. दोनदा सुरुवात चुकली. मग थांबले, तारा पुन्हा लावल्या, बोटं झटकली, आणि तिसऱ्यांदा सुरू केलं ते थेट शेवटपर्यंत गेले. तीन मिनिटं पन्नास सेकंद. एकही तार घसरली नाही. पुढे इतकं काही झालं तरी शेवटची तार हाताने दाबून धरली तो क्षण मला अजून आवडतो, हे कोणाला सांगायची सोय नाही.

हेडफोन काढले आणि गुंडीचं रडणं ऐकू आलं.

ती पलंगाजवळ जमिनीवर बसली होती. पलंगाशेजारच्या खणाचा कोपरा डाव्या भुवईला लागला होता, आणि रक्त डोळ्यावरून गालावर, गालावरून झबल्यावर. खुर्ची रिकामी. मी तिला उचलते आहे तोवर बाहेरचं दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या, हातात औषधाची पिशवी.

"तुम्ही सांगून का नाही गेलात?" मी विचारलं. मी ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सांगितलं की गं," त्या म्हणाल्या. मग गुंडीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "सांगितलं ना मी? खोलीच्या दाराशी आले होते. आले होते ना?"

"नाही आलात, आई."

मला ते खरंच वाटत होतं. एवढं माझ्या बाजूने.

भुवईला तीन टाके पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा वाचला, मुलं पडायचीच. संध्याकाळी नवरा आला, गुंडीला छातीशी धरून बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी आईला म्हणाला, "आई, निदान सांगून तरी जायचंस." त्याचाही आवाज चढला नव्हता. आमच्या घरात कोणी ओरडत नाही. त्याने काय होतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

त्याआधी पंधरा दिवसांपूर्वी सासूबाईंनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि पातेलं काळं होईपर्यंत त्यांना आठवण झाली नव्हती. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता कोणी हसलं नाही. नवऱ्याने विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातल्या शनिवारची वेळ घेतली. सासूबाईंनी एक छोटी वही आणली आणि सगळं तिच्यात लिहायला लागल्या. गॅस बंद केला, दोन दहा. गोळी घेतली. दाराला कडी घातली. शनिवारी डॉक्टर झाले की तिथूनच लेकीकडे राहायला जाते, असं त्यांनी स्वतःच ठरवलं, बॅगही भरून ठेवली.

"अहो, तात्पुरतं जा हवं तर," मी म्हटलं.

"नको. माझ्या भरवशावर मूल टाकू नका आता," त्या म्हणाल्या.

त्यांनी गुंडीला घेणंच सोडलं. ती जाऊन त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, भुवईवर पांढरी पट्टी, हात वर. त्या नुसतं "काय गं बाई" म्हणायच्या आणि दोन्ही हातांनी वही धरून बसायच्या.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी ढोल्याचा फोन आला. मी त्याला बुधवारी जवळच्या माइकचा टेक पाठवला होता.

"मातोश्री, हा टोन. हाच. भिंत उभी केलीस," तो म्हणाला. "पण लांबचा माइक कुठाय? तो दे, जरा हवा मिसळतो."

"विसरले. पाठवते," मी म्हटलं.

पाठवण्याआधी ऐकावं म्हणून मी तो ट्रॅक एकटाच लावला. गेट नव्हतं त्याला. सुरुवातीला माझी पहिली चूक, मग दुसरी. मग कपाटातल्या ॲम्पची घूं, आणि एक आवाज जो मला आधी ओळखता आला नाही. चपला. कोणीतरी दारापर्यंत येऊन थांबलं होतं. मी तारा लावत होते, ते ऐकू येतं. ते माणूस माझं लावून होईपर्यंत थांबलं. मी मोजलं, सव्वीस सेकंद. तारांचा आवाज थांबला तेव्हा सासूबाई बोलल्या, हळू, पण एकेक शब्द वेगळा, जसा त्या नंबर सांगताना करतात.

"अगं, मी खाली औषधवाल्याकडे जाऊन येते. दहा मिनिटं. गुंडी झोपलीय. लक्ष राहू दे."

आणि माझा आवाज, अगदी सहज, "हो, हो."

मला ते आठवत नाही. पण आवाज माझाच आहे. कानात ड्रमचा ठेका चालू होता. डोळ्याच्या कोपऱ्यात दारात काहीतरी हललं असेल. घरात दिवसभर आपण ज्या कशालाही "हो, हो" म्हणतो, तसं म्हणाले असेन. खांद्याला हात त्यांनी लावला नाही. का लावला नाही, ते मला ठाऊक होतं.

मग चपला गेल्या, दार लागलं, आणि मी वाजवायला लागले. ठोका, आणि ठोक्यांमध्ये जिथे जवळच्या माइकवर स्वच्छ काळी शांतता आहे, तिथे इथे सगळं होतं. रस्त्यावरची गाडी. नळ. दीड मिनिटावर गुंडी. आधी कुरकुर, मग रडणं, मग "आई". दर शांततेत एकदा. दोन मिनिटं दहा सेकंदांवर थड असा आवाज. त्यानंतर मी एक मिनिट चाळीस सेकंद वाजवत होते. फार छान वाजवत होते.

मी हेडफोन काढले. एका बटणाचं काम होतं. ढोल्याला म्हणायचं, लांबचा नीट आला नाही, जवळच्यावर चालव. त्याने चालवलं असतं. मी ट्रॅकवर क्लिक केलं, तो निळा झाला, बोट डिलीटच्या बटणावर नेलं. मनात पुढची वाक्यंही तयार झाली: तसंही दूध जळालं होतंच, डॉक्टरांना एकदा दाखवलेलं बरं, लेकीकडे जरा बदलही होईल. सगळी बरोबर वाक्यं.

पुढच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. कोणाशी बोलत नव्हत्या. वहीत लिहून झालं की हल्ली त्या ते मोठ्याने वाचून पाहायच्या. "गुंडी झोपली, दीड वाजता. सून मागच्या खोलीत आहे." थांबल्या. मग उठून दोन पावलं येऊन, मी खरंच मागच्या खोलीत आहे का, ते डोकावून पाहून गेल्या.

"आई," मी हाक मारली. "जरा इकडे येता?"

त्या आल्या, पण दारातच थांबल्या. "एकटीला सोडून नको," म्हणाल्या. "जागी झाली तर?"

मी लॅपटॉप उचलून पुढच्या खोलीत नेला, पलंगाच्या कडेला ठेवला, गुंडी दिसेल असा. हेडफोन त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते डोक्यावर चढवले आणि सवयीने डावा कान मागे सरकवून मोकळा ठेवला. मी ट्रॅक लावला.

त्यांचं वाक्य आलं तेव्हा त्यांचे ओठ हलले. शब्द तेच, वेळ तीच. "हो, हो" आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी थांबवायला हात पुढे केला, कारण पुढचं त्यांनी ऐकू नये असं मला वाटत होतं. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला आणि शेवटपर्यंत ऐकलं. थडच्या जागी डोळे मिटले.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "फक्त माझं."

मी लावलं.

"परत."

चौथ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि पलंगावर ठेवले. "म्हणजे सांगितलं होतं मी."

"हो."

"दाराशी आले होते."

"हो. माझं चुकलं, आई."

"नऊ दिवस झाले," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस मी रोज सकाळी उठून आधी माझं नाव मनात म्हणून बघते. मग मुलाचं. मग तुझं." मला रडायला आलं तशा म्हणाल्या, "रडू नकोस, ती उठेल. मी रागावलेय तुझ्यावर. खूप रागावलेय. आज काही समजूत घालू नकोस माझी."

"नाही घालत."

"त्याला कोण सांगणार?"

"मी सांगते. आज आला की."

"आणि शनिवारी मी डॉक्टरकडे जाणार आहेच," त्या म्हणाल्या. "दूध खरंच जळालं होतं. ते काही तुझ्या त्या यंत्रात नाही."

बॅगचं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला मी ते सगळं ऐकवलं. तो आधी आईच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं, काय बोलले मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसला.

"पडल्यावर किती वेळ?"

"एक मिनिट चाळीस."

"तुला ऐकू येणं शक्यच नव्हतं," तो म्हणाला. चांगला माणूस आहे. मला त्याने दारच उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"दिवा दिसला होता," मी म्हणाले.

"कसला दिवा?"

"लांबच्या माइकचा. मशीनवर हिरवा दिवा असतो, आवाज आला की लागतो. मी थांबत होते त्या जागांवर तो लागत होता. मला दिसला. मला वाटलं रस्त्यावरचं काहीतरी असेल. नाही, तसंही नाही. मला वाटलं, काहीही असलं तरी टेक संपल्यावर बघू. टेक चांगला चालला होता."

हे कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं. त्याने उठून दोन कप चहा केला, एक माझ्यापुढे ठेवला, आणि दुसरा घेऊन गुंडीपाशी जाऊन बसला. त्या रात्री आम्ही फारसं बोललो नाही, शुक्रवारीही नाही.

डॉक्टरांनी शनिवारी सासूबाईंना बरेच प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, आणि वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी परत या, असं सांगितलं. सासूबाईंनी म्हणे डॉक्टरांना एक्स्चेंजचे बावीस नंबर म्हणून दाखवले. तिथून त्या लेकीकडे गेल्याच. मला वाटलं होतं, आता जाणार नाहीत. पण गेल्या. तीन आठवडे राहिल्या. फोन आला की नवऱ्याशी बोलायच्या, गुंडीचा आवाज ऐकायच्या, आणि मग म्हणायच्या, "ठेवते."

परत आल्या तेव्हा बॅग दारातच ठेवून त्यांनी आधी गुंडीला उचललं, भुवईवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाजवतेस का अजून?"

"नाही. बंद आहे."

"का? ढोल्या थांबलाय ना तुझा?" गुंडीला त्यांनी खांद्यावर घेतलं. "पण एक कान मोकळा ठेवायचा. आम्ही एकतीस वर्षं ठेवला."

मी तो टेक ढोल्याला वापरू दिला नाही. पुन्हा वाजवला, डावा कान बाहेर, सासूबाई दारातल्या खुर्चीत, गुंडी त्यांच्या मांडीवर. माइक खडूच्या ठिपक्यावरच होता, गेन निम्म्यावरच, तारा नव्या घातल्या होत्या. पण मला दर दहा सेकंदांनी मागे वळून बघावंसं वाटत होतं, आणि तसं वाटलं की हात केसभर मागे पडतो. लांबचा माइक मी या वेळी पाठवला.

दोन दिवसांनी ढोल्याचा फोन आला.

"बरा आहे," तो म्हणाला. "आधीचा जास्त घट्ट होता, पण बरा आहे. एक सांग, शेवटची तार विरत जाते ना, तिच्या मागे टिकटिक ऐकू येतेय. तुझ्या हेडफोनमधला ठेका गळतोय बाहेर. नीट घातले नव्हतेस का?"

"नव्हते," मी म्हटलं.

"कापून टाकू? गेट लावलं की जाईल."

पुढच्या खोलीत सासूबाई गुंडीला कुठलासा सहा आकडी नंबर शिकवत होत्या, आणि ती प्रत्येक आकड्याला "दोन" म्हणत होती.

"नको," मी म्हणाले. "राहू दे."